सिबो: औषध घेतलं की बरं वाटतं, महिन्याभरात परत तेच. असं का होतं?

अवनी

गेली तीन वर्षं माझं पोट सकाळी सपाट असतं आणि संध्याकाळपर्यंत असं काही तडतडून फुगतं की ऑफिसच्या खणात मी सैल कमरेची दुसरी पँट ठेवलेली आहे. दुपारी साडेतीनच्या सुमारास बदलावीच लागते. तडस लागते, पोटात सतत गुरगुर, ढेकर, दिवसाआड जुलाब. दोन वर्षं "आम्लपित्त", "ताण", "बैठं काम" असं ऐकून घेतलं. मागच्या वर्षी एका डॉक्टरांनी हायड्रोजनची श्वासचाचणी करायला सांगितली. आकडा ४ वरून ऐंशी मिनिटांत ४८ वर गेला आणि निदान झालं सिबो, म्हणजे लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ.

रिफॅक्सिमिन या प्रतिजैविकाचा १४ दिवसांचा कोर्स घेतला. दहाव्या दिवशी संध्याकाळी घरी पोचल्यावर लक्षात आलं, की आज पँट बदलायची मी विसरलेच होते. तिथेच बसून रडले. सहा आठवडे छान गेले, मग हळूहळू सगळं परत आलं. दुसरा कोर्स झाला, तो महिनाभरच पुरला. आता तिसरा लिहून दिलाय, चिठ्ठी पर्समध्ये आहे, अजून गोळ्या आणलेल्या नाहीत.

मधल्या काळात खाणं कमी करत गेले. आधी कांदा-लसूण, मग गहू, डाळी, दूध, मग बरीचशी फळं. आज मोजलं तर मी फक्त नऊ पदार्थ खाते. वजन ६१ वरून ५४ वर आलंय. कुणाकडे जेवायला जायची भीती वाटते. तिसरा कोर्स घेऊ का? की आणखी काही सोडून बघू? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

पाऊलवाट

अवनी, पँटेचं वाचून पोटात कालवलं. माझं अगदी हेच होतं, मी तर भावाच्या लग्नात निम्म्या समारंभातून निघून आले होते. उपाय मला माहीत नाही, पण हे मनाचे खेळ नाहीत एवढं नक्की सांगते. तू एकटी नाहीस गं.

क्षितिज

अवनीताई, मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. न तपासता कुणाचं निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते तुम्हाला नीट ठरवता यावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा प्रश्न "तिसरा कोर्स घेऊ का" असा आहे. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच दिसत नाही: जिवाणू तिथे वाढले कशामुळे? सिबो हा बहुतेक वेळा दुसऱ्या कशाचा तरी परिणाम असतो. तुंबलेल्या गटारावर कितीही फवारणी केली तरी गटार वाहतं होईपर्यंत डास येतच राहतात, तसंच हे आहे.

आपल्या मोठ्या आतड्यात ग्रॅममागे शंभर अब्जांच्या घरात जिवाणू असतात. ते तिथे हवेतच. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र एका मिलिलीटरमध्ये ते हजाराच्या आतच असतात. सहा मीटरच्या या नळीत रोज अन्न येतं, ऊब असते, ओल असते, तरीही तिथे जिवाणूंना ठाण मांडता येत नाही, कारण शरीराचा पहारा कडक असतो. जठरातलं आम्ल बहुतेकांना वरच्या वर मारतं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस उरलेल्यांना वाढू देत नाहीत. लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप उलटा प्रवास रोखते. आतड्याच्या अस्तराची स्वतःची प्रतिकारशक्ती असते.

आणि एक पहारेकरी असा आहे, ज्याच्याबद्दल रुग्णांना क्वचितच कुणी सांगतं. पोट रिकामं असताना साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी एक जोरदार लाट निघते आणि उरलंसुरलं अन्न, मेलेल्या पेशी, जिवाणू असं सगळं खाली ढकलत नेते. बऱ्याच वेळाच्या उपासानंतर पोटात जी मोठी गुरगुर ऐकू येते, तिचा या लाटेशी जवळचा संबंध आहे. तिचं सविस्तर वर्णन १९६९ मध्ये कुत्र्यांच्या आतड्यावरच्या प्रयोगात झालं, आणि १९७७ मध्ये माणसांमध्ये दिसलं, की ज्यांच्यात ही लाट उमटत नव्हती त्यांच्या लहान आतड्यात जिवाणू माजले होते. खाल्लं की ही लाट थांबते. दिवसभर थोडं थोडं चरत राहणाऱ्याच्या आतड्याला झाडलोट करायला रात्रच तेवढी उरते.

यातला कुठलाही पहारा ढिला पडला की सिबो होऊ शकतो. म्हणून मला तुमच्याकडून हे हवं आहे. पोटाचं कुठलं ऑपरेशन झालंय का, अगदी लहानपणी झालेलं असलं तरी? आम्ल कमी करणारी गोळी रोज घेता का आणि किती वर्षं? हा त्रास जुलाब-उलट्यांच्या एखाद्या मोठ्या आजारपणानंतर सुरू झाला का? मधुमेह किंवा थायरॉइड आहे का? थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का? दुखण्यासाठी अफूवर्गीय वेदनाशामक घेता का? बी-१२ कधी तपासलंय? पायांना मुंग्या येतात का?

आणि सात किलो वजन गेलंय ही बाब मला पोट फुगण्यापेक्षा जास्त गंभीर वाटते. आणखी एकही पदार्थ सोडू नका.

निरंजन

मूळ प्रश्नाशी जुळतं म्हणून माझंही विचारतो. माझं पोट फुगतं पण जुलाब अजिबात नाहीत, उलट चार-चार दिवस साफ होत नाही. श्वासचाचणीत हायड्रोजन जवळजवळ सपाट, मिथेन मात्र २८. हा पण सिबोच का?

चाफा

निरंजन, मी श्वासचाचणी करणाऱ्या विभागात तंत्रज्ञ आहे, म्हणून याचं उत्तर देते. मिथेन बनवणारे जीव हे मुळात जिवाणूच नाहीत. ते आर्किआ नावाच्या वेगळ्या, फार प्राचीन गटातले. आतड्यात त्यातला मुख्य म्हणजे मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथिआय. जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन हे त्याचं खाद्य. हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक घेतो आणि मिथेनचा एक सोडतो. त्यामुळे तुमचा हायड्रोजन सपाट दिसला म्हणजे तो बनतच नव्हता असं नाही, बनत होता आणि खाल्ला जात होता. हे जीव मोठ्या आतड्यातही राहतात, म्हणून आता या प्रकाराला सिबो न म्हणता मिथेनकारी जीवांची वाढ असं वेगळं नाव देतात. मिथेन १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०) किंवा जास्त, चाचणीत कधीही दिसला तरी तो सकारात्मक धरतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मिथेनमुळे आतड्याचा वेग मंदावलेला दिसला आहे, म्हणजे तुमची बद्धकोष्ठता याच्याशी सुसंगत आहे. यावर सहसा एकट्या रिफॅक्सिमिनऐवजी निओमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची जोड देतात, पण निओमायसिनचा कानांवर आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा ते डॉक्टरांच्या नजरेखालीच.

आता अवनीला एक विचारते. तुझी चाचणी ग्लुकोजची होती की लॅक्टुलोजची? आदल्या दिवशी काय खाल्लं होतंस? हे विचारण्यामागे कारण आहे. माणसाच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, तो फक्त जिवाणूंकडून येतो, या एकाच गोष्टीवर ही चाचणी उभी आहे. गोड द्रावण प्यायचं, दर १५-२० मिनिटांनी पिशवीत फुंकायचं. ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळ आकड्यापेक्षा २० पीपीएमने वाढला तर सकारात्मक. पण लॅक्टुलोज पचतच नाही, ते सरळ मोठ्या आतड्यापर्यंत जातं. ज्याचं आतडं वेगवान आहे त्याच्यात ते ९० मिनिटांच्या आतच तिथे पोचतं, तिथले नेहमीचे जिवाणू गॅस सोडतात आणि कागदावर सिबो उमटतो. म्हणजे साध्या जुलाबवाल्याची चाचणीही चुकीने सकारात्मक येऊ शकते. ग्लुकोजचं उलट आहे. ते लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे खालच्या टोकाला दडलेले जिवाणू त्याला सापडत नाहीत.

माझ्यासमोर रोज लोक येतात आणि सहज म्हणतात, "काल रात्री डाळ खाल्ली, चालेल ना?" नाही चालत हो. आदला दिवस आंबणारं काही नको, मग ८ ते १२ तासांचा उपास, चार आठवड्यांत प्रतिजैविक घेतलेलं नको, रेचक आणि आतड्याला वेग देणारी औषधं आठवडाभर डॉक्टरांना विचारून बंद. चाचणी चालू असताना बिडी-सिगारेट नाही, जिने चढणं-उतरणं नाही. सुरुवातीचाच आकडा जास्त निघाला की मी त्या माणसाला परत पाठवते. लोक रागावतात, पण चुकीच्या आकड्यावर महिनोन्‌महिने औषधं खाण्यापेक्षा एक खेप वाया गेलेली परवडली.

मंदार_७

मला प्रोबायोटिक कॅप्सूलने खूप फरक पडला. अँटिबायोटिकने चांगले जिवाणूपण मरतात, मग वाईट परत येणारच ना? अवनी, आधी ते सुरू कर. शिवाय वनस्पतींच्या अर्काच्या गोळ्या पण मिळतात, त्या रिफॅक्सिमिनइतक्याच चालतात असं वाचलंय.

क्षितिज

मंदार, तुम्हाला फरक पडला याचा आनंद आहे, आणि प्रोबायोटिकने काही जणांना बरं वाटतं हे मीही पाहिलंय. पण ज्या ठिकाणी आधीच जिवाणू जास्त झालेत आणि पुढे सरकत नाहीत, तिथे आणखी अब्जावधी सोडायचे की नाही याचा विचार हवा. २०१८ मध्ये काही रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध झालं: पोटफुगीसोबत जेवणानंतर डोकं जड होणं, काही सुचेनासं होणं. त्यांच्यात सिबो आणि जिवाणूंनी बनवलेलं डी-लॅक्टिक आम्ल वाढलेलं सापडलं, त्यातले बरेच प्रोबायोटिक घेत होते, आणि ते बंद करून प्रतिजैविक दिल्यावर बहुतेकांना उतार पडला. तो अभ्यास लहान होता, त्यावर वादही झाले. तरी कारण कळेपर्यंत अवनीताईंना मी प्रोबायोटिक सुचवणार नाही.

वनस्पतींच्या अर्कांबद्दल तुम्ही वाचलंय तो बहुधा २०१४ चा अभ्यास. त्यात अर्क घेणाऱ्या ४६ टक्के आणि रिफॅक्सिमिन घेणाऱ्या ३४ टक्के लोकांची पुढची चाचणी स्वच्छ आली. पण कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे दोन गट सारखे होते असं म्हणता येत नाही. पर्याय म्हणून विचारात घ्यायला हरकत नाही, मात्र ते अर्क जिवाणू मारत असतील तर तीही औषधंच झाली. वनस्पती म्हणून निर्धोक असं समजू नका.

रिफॅक्सिमिनचा फायदा असा की ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही, आतड्यातच काम करतं. पण कारण तसंच राहिलं तर काय होतं, याचा २००८ चा एक अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगतो. उपचारानंतर चाचणी स्वच्छ आलेल्यांपैकी तीन महिन्यांनी सुमारे १३ टक्के, सहा महिन्यांनी २८ टक्के आणि नऊ महिन्यांनी ४४ टक्के लोकांना सिबो परत झाला होता. वयस्कर माणसं, अपेंडिक्स काढलेले आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या सतत घेणारे, यांच्यात तो जास्त परतला.

शुभ्रा

डॉक्टरांनी बोटं पांढरी पडण्याचं विचारलं म्हणून लिहायला घेतलं. माझी पडतात. मला स्क्लेरोडर्मा आहे. आधी बोटांची कातडी ताठ झाली, पाच वर्षांनी आतडंही ताठ झालं. लाट निघतच नाही म्हणे. माझ्या बाबतीत कारण कळलंय, पण ते काढून टाकता येत नाही.

म्हणून माझा सिबो परत येणार हे आम्ही धरूनच चालतो. दर काही महिन्यांनी प्रतिजैविकाचा कोर्स, आणि एकाच औषधाला जिवाणू सरावू नयेत म्हणून आलटून पालटून वेगवेगळी. रोज प्रुकॅलोप्राइड, आतड्याला चालना द्यायला. त्याआधी रात्री झोपताना एरिथ्रोमायसिन ५० मिलिग्रॅम घेत होते. एवढ्या कमी मात्रेत ते जिवाणूंसाठी नसतं, त्या लाटेला हाक देण्यासाठी असतं. काही महिन्यांनी त्याचा असर ओसरला, शिवाय हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागायचं, म्हणून बदललं.

अवनी, तुझं वजनाचं वाचून मला माझं दुसरं वर्ष आठवलं. मी तेव्हा ४१ किलोवर गेले होते आणि घरच्यांना सांगायचे की मी "पथ्य पाळतेय". पथ्य कसलं, ती भीती होती. पुढ्यात ताट आलं की प्रत्येक घासागणिक मनात हिशेब चालायचा, हा किती वाजता फुगवेल म्हणून. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक दिवस वही मिटवून ठेवली आणि म्हणाल्या, आजपासून मला फुगवटा सांगू नका, फक्त वजन सांगा. तिथून मी वर आले. फुगवटा अजून आहे. मी आहे ५२ किलो.

रेवा

शुभ्राताई, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. मीही आहारतज्ज्ञच आहे आणि हे मी फार वेळा बघते.

आंबणाऱ्या कर्बोदकांचा, म्हणजे फॉडमॅप कमी असलेला आहार मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात आकाराला आला, आणि तो आतड्याच्या चिडचिडीसाठी होता. कांदा, लसूण, गहू, डाळी, दूध, सफरचंद यांच्यातली काही कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. ती कमी केली की गॅस कमी होतो. त्याने जिवाणू नाहीसे होत नाहीत. त्यांचा शिधा तेवढा तोडलेला असतो, आणि त्यासोबत मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचाही.

मुख्य म्हणजे या आहाराचा पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. त्यानंतर एकेक गट परत आणून बघायचा असतो. लोक पहिल्या टप्प्यावर वर्षानुवर्षं अडकून राहतात, कारण परत आणणं कसं करायचं हे कुणी शिकवतच नाही. अवनी, तू करून बघणार असशील तर असं कर. एका वेळी एकच पदार्थ. पहिल्या दिवशी अगदी थोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढा. मग तीन दिवस सुट्टी. बाकीचं जेवण तेच ठेवायचं. थोडा गॅस झाला तर तो पदार्थ "वाईट" ठरत नाही, त्याची तुला झेपणारी मात्रा कळते एवढंच. अर्धा चमचा कांदा झेपणं आणि कांदाच न झेपणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि कांदा-लसणाची चव तेलात उतरवून कांदा-लसूण काढून टाकलं तरी चालतं, कारण त्यातली त्रासदायक कर्बोदकं पाण्यात विरघळतात, तेलात नाही.

डॉक्टरांनी लाटेचं सांगितलंय, त्यावरून काही जण दोन जेवणांत चार-पाच तासांचं अंतर ठेवतात. तर्काला धरून आहे, वजन चांगलं असलेल्यांनी जरूर करावं. तुला मात्र सध्या नको. ज्याचं सात किलो वजन घटलंय त्याने उपासाचे प्रयोग करू नयेत.

अवनी

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

क्षितिजदादा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं लिहिताना माझेच डोळे उघडले. एकोणिसाव्या वर्षी माझं अपेंडिक्स फुटलं होतं, पोट उघडून धुवावं लागलं, बारा दिवस दवाखान्यात होते. हे मी आजवर एकाही पोटाच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा संबंध असेल असं मला वाटलं नाही. आम्लपित्ताची गोळी चार वर्षं रोज घेतेय. दोन महिन्यांसाठी दिली होती, पुढे कुणी थांबवली नाही म्हणून चालूच राहिली. बी-१२ कधीच तपासलं नाही. आणि पायाच्या बोटांना रात्री मुंग्या येतात. चपलेमुळे होत असेल असं समजत होते.

चाफाताई, चाचणी ग्लुकोजची होती. पथ्यही नीट पाळलं होतं.

सुमेधा

हे लिहावं की नाही यावर दोन दिवस विचार केला. माझ्या आईला वयाच्या ५६ व्या वर्षी पोट फुगायला लागलं. वाचून वाचून तिने स्वतःच सिबो ठरवला, खाणं बदललं, अर्कांच्या गोळ्या घेतल्या. आठ महिन्यांनी सोनोग्राफी झाली. बीजकोशाचा कर्करोग होता. कुणाला घाबरवायचं नाही मला. पण पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली, रोज राहणारी पोटफुगी असेल तर बायकांनी आधी ती तपासणी करून घ्या. एवढंच.

क्षितिज

सुमेधाताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. त्यालाच जोडून सांगतो: शौचातून रक्त, प्रयत्न न करता घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, घरात आतड्याच्या कर्करोगाचा किंवा आतड्याच्या दाहाचा इतिहास, यातलं काहीही असेल तर श्वासचाचणीच्या आधी बाकीच्या तपासण्या व्हायला हव्यात. सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार), जिआर्डिया (आतड्यातला एक परजीवी), दुधातली साखर न पचणं, स्वादुपिंड कमी पडणं, या सगळ्यांत पोट फुगतं आणि जुलाब होतात. यातल्या काहींसोबत सिबोही असू शकतो.

अवनीताई, तुमच्या उत्तरात मला एकाऐवजी तीन धागे दिसतात. पोटात पू झालेल्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटतात. कधी एखादा वेटोळा दुमडून आतली वाट अरुंद होते आणि त्याच्या आधीच्या भागात अन्न रेंगाळतं. चार वर्षांच्या गोळीने आम्लाचा पहारा ढिला झाला. आणि मुंग्या म्हणजे बी-१२ कमी असण्याची शक्यता. ते जिवाणू स्वतःच खाऊन टाकतात, त्यात आम्ल कमी असलं की अन्नातलं बी-१२ सुटंही होत नाही. फोलेट मात्र जिवाणू बनवतात, म्हणून सिबोत कधी कधी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त अशी जोडी दिसते. दोन्ही एकत्र तपासा. आणि त्यासाठी थांबू नका, मज्जातंतूंचं नुकसान फार दिवस राहिलं तर पूर्ण भरून येत नाही. सोबत हिमोग्लोबिन, लोह, डी जीवनसत्त्व, थायरॉइड, सीलिअॅकची रक्तचाचणी. मग डॉक्टरांना ऑपरेशनची हकीकत सांगा आणि लहान आतड्याचा सीटी किंवा एमआरआय लागेल का विचारा.

तिसऱ्या कोर्सची चिठ्ठी फाडू नका. तो बहुधा लागेलच. फक्त त्याआधी हे सगळं डॉक्टरांसमोर ठेवा.

अवनी

चार महिन्यांनी लिहितेय. उशीर झाला, पण काहीतरी ठोस हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

बी-१२ निघालं १४२, म्हणजे कमी. फोलेट वरच्या मर्यादेच्याही पुढे. डॉक्टरांनी दोन्ही आकड्यांवर पेनाने गोल केला आणि पहिल्यांदाच मला पलंगावर झोपवून ऑपरेशनचा व्रण बोटाने चाचपून पाहिला. एमआरआयमध्ये लहान आतड्याच्या खालच्या भागात एका जागी वाट एकदम बारीक झालेली दिसली, आणि तिच्या आधीचा भाग फुगलेला. चित्र समोर धरून त्यांनी दाखवलं. तीन वर्षं जे मी कुणाला पटवून देऊ शकत नव्हते ते तिथे करड्या रंगात स्पष्ट दिसत होतं.

शस्त्रक्रियेबद्दल दोन सर्जनना भेटले. दोघांचं मत एकच: चिकटलेलं सोडवलं की नवीन चिकटण्याची शक्यता असतेच, त्यामुळे पूर्ण अडल्याशिवाय घाई नको. पोटात मुरडा येऊन उलट्या झाल्या आणि गॅसही सरेनासा झाला तर मात्र तडक दवाखाना गाठायचा, हे कागदावर लिहून दिलंय. बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत, मुंग्या निम्म्याने कमी आहेत. आम्लपित्ताची गोळी टप्प्याटप्प्याने बंद झाली. तिसरा कोर्स घेतला, त्याला आता अकरा आठवडे झालेत. पहिल्या दोन्ही वेळेपेक्षा जास्त टिकलाय.

रेवाताईंच्या पद्धतीने सतरा पदार्थांवर आले. गहू झेपतो. कांदा शिजवलेला दोन चमचे, त्यापुढे नाही. जाड सालींचं आणि फार चोथ्याचं डॉक्टरांनी बंद ठेवायला सांगितलंय, ते त्या अरुंद जागेमुळे. वजन ५७. पँट खणातच आहे, पण गेल्या महिन्यात दोनदाच लागली. शुभ्राताई, मीही आता वहीत आधी वजन लिहिते.

निरंजन

वा अवनी, फार बरं वाटलं वाचून! ती गोळी बंद कशी केलीस? मी एकदा अचानक थांबवली तर तीन दिवसांत छातीत अशी आग पडली की परत सुरू केली. मग वाटलं, मला ती जन्मभर लागणारच.

क्षितिज

निरंजन, ती आग बऱ्याचदा गोळी थांबवल्याचीच असते. महिनोन्‌महिने आम्ल दाबून ठेवलं की जठर ते जास्त बनवायची तयारी करून ठेवतं, आणि गोळी थांबली की काही आठवडे आम्ल नेहमीपेक्षा जास्त सुटतं. त्याला मूळ दुखणं परत आलं असं समजून लोक गोळी पुन्हा सुरू करतात. म्हणून मात्रा निम्मी, मग दिवसाआड, असं करत काही आठवड्यांत खाली यायचं, मध्ये लागलं तर साधं अँटासिड. पण आधी डॉक्टरांना विचारा, तुम्हाला ती मुळात दिली कशासाठी होती. अन्ननलिकेच्या अस्तरात बदल झालेले, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेला, रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेले, अशांनी ती स्वतःहून बंद करायची नसते.

तुमच्या मिथेनचं पुढे काय झालं? औषध सुरू झालं का?

निरंजन

पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. अपेंडिक्सचं नाही, पण दोन वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्यासाठी आठ महिने ट्रामाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक घेत होतो आणि बद्धकोष्ठता तेव्हापासूनच आहे, हे परवा हा सगळा धागा वाचताना लक्षात आलं. ते लिहून घेऊन जातोय.